बत्तीवर चिकटवलेला त्रिशूळ

अन्याय माझ्या मोठ्या आईवर, म्हणजे थोरल्या काकूवर झाला. गेल्या तान्ह्या पोळ्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी साडेनऊला, सडक अर्जुनीहून गोंदियाला जाणाऱ्या जंगलातल्या रस्त्यावर. तो तिचा डायलिसिसचा दिवस होता. मंगळवार आणि शुक्रवार. त्यातला एक वार हुकला की अंगात पाणी साचतं आणि ते फुप्फुसापर्यंत चढतं. माझ्या थोरल्या काकांच्या मागे तिला दवाखान्यात नेणारा मी एकटाच. गाडी जुनी, पेट्रोलची, तिच्यासाठीच घेतलेली.

अन्याय करणारे किती, ते शेवटी सांगतो.

सुरुवात पावसाळ्याच्या तोंडाशी झाली. स्टेअरिंगसमोर, वेगाच्या काट्याजवळ इंजिनाच्या आकाराची पिवळी बत्ती लागली. उन्हाळ्यात सायलेन्सर बदलून देणाऱ्या हायवेवरच्या गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला, स्क्रीनवर एक कोड उमटला आणि त्यानं बोनेट न उघडताच निकाल दिला, "ऑक्सिजन सेन्सर गया, भाई. नया डालना पडेगा."

हा सेन्सर बोटाएवढा असतो. इंजिनाजवळच सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला. धुरात ऑक्सिजन किती उरला ते तो सांगतो आणि त्यावरून गाडी पेट्रोल किती सोडायचं ते ठरवते. थंड असला तर तो बरोबर सांगत नाही, म्हणून त्याच्या पोटात एक हीटर असतो. चार तारा: दोन हीटरच्या, दोन निरोपाच्या. कोड हीटरच्या सर्किटचा होता. म्हणजे बिघाड सेन्सरमध्ये असेल, तारेत असेल किंवा फ्यूजमध्ये. हे मला आज कळतं. तेव्हा मी मान डोलावली.

नवा सेन्सर बसला, बत्ती विझली. आठ दिवसांनी परत लागली.

गॅरेजवाला हसला. "नया माल डाला है. अब बत्ती झूठ बोल रही है." त्यानं ड्रॉवरमधून गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या देवळातलं भगव्या त्रिशुळाचं स्टिकर काढलं आणि नेमकं बत्तीवर चिकटवलं. "नागरा के महादेव संभाल लेंगे."

मोठी आई मागच्या सीटवर बसली होती. ती म्हणाली, "देवाले कायले झाकन बनवलं गा यानं?"

मी हसलो. मला ते हसू अजून आठवतं.

मग गाडी मध्येच बंद पडायला लागली. खड्ड्यात चाक आदळलं की गचकन थांबायची. तिसऱ्या वेळी गॅरेजवाल्यानं फ्यूजचा डबा उघडून जळालेला फ्यूज दाखवला. सेन्सरचा हीटर आणि इंजिनाच्या आणखी दोन-तीन वस्तू त्याच फ्यूजवर चालत होत्या. नवा घातला, तो दोन दिवसांत उडाला. शुक्रवार तोंडावर होता.

आमच्याकडे धानाच्या रोवणीच्या दिवसांत पंप बंद पडला की माणूस बांधावरून ओरडतो, "डायरेक्ट कर ना बे!" फ्यूज उडतो म्हणून फ्यूजच्या जागी जाड तार वळून घालतात. पाणी सुरू होतं, सगळे खूश. उघड्या वीजपेट्यांतल्या या तारांविरुद्ध मी तीन वर्षं पत्रकं वाटतोय. गावोगावच्या चौकात उभा राहून लोकांना मूर्ख म्हणालोय. पत्रकाचं शीर्षकसुद्धा माझंच होतं: "तार नव्हे, तिरडी". आणि त्या दिवशी गॅरेजमध्ये, मोठी आई गाडीत बसलेली असताना, हेच तोंड म्हणालं, "डायरेक्ट करून द्या."

त्यानं तांब्याची तार वळली. गाडी सुरू झाली. दोन आठवडे कुठेच थांबली नाही.

त्या मंगळवारी जंगल सुरू झालं तेव्हा मोबाइलची रेंज गेली होती. मोठ्या आईनं पदर नाकाला लावला.

"काही जळून राहिलं."

"कोणी शेतात कचरा जाळत असेल."

"धान हिरवा हाये बापू. आता कोन जाळंल?"

मी काच खाली केली. बाहेर ओल्या पानांचा वास होता. जळका वास आत होता. दोन वळणं गेली. मग स्टेअरिंगच्या खालून, माझ्या गुडघ्यांमधून, बारीक पांढरा धूर वर आला. गाडी आपोआप बंद पडली, तरी धूर थांबेना.

मी तिला ओढूनच काढलं. तिची एक चप्पल आत राहिली. बोनेट उघडून बॅटरीची तार हिसडून काढली, तळहात भाजला. जरा वेळानं धूर विरला. मग तिथे कसलाच आवाज नव्हता. मोठी आई मैलाच्या दगडावर बसली, सुजलेले पाय समोर करून, फाइलची पिशवी छातीशी धरून. तिनं विचारलं, "किती वाजले?" थोड्या वेळानं परत विचारलं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा एक ट्रक थांबला.

आम्ही पोहोचलो तेव्हा तिच्या डायलिसिसची वेळ गेलेली होती. सगळ्या मशिनींवर माणसं होती, आणि कोणाला उठवा म्हणायचं तोंड मला नव्हतं. पुढची जागा शुक्रवारचीच होती; तोपर्यंत ती भिंतीला टेकून बसून राहिली. आडवं झालं की दम लागायचा. शुक्रवारी मशीनवर तिचं बीपी इतकं पडलं की नर्स धावली. ती वाचली. पण तेव्हापासून अंगणापर्यंत जायलाही तिला माझा हात लागतो.

गाडी ओढून आणली ती गावातल्या मोटार वाइंडिंगवाल्याकडे. तो पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरतो, मोटारगाडीचा मिस्त्री नव्हे. पण मीटर त्याच्या गळ्यात असतो. त्यानं आधी गॅरेजवाल्यानं परत दिलेला जुना सेन्सर मागितला आणि हीटरच्या दोन तारांवर मीटरच्या पिना टेकवल्या.

"हा तं जिताच हाये जी. याले कावून फेकलं?"

मग तो गाडीखाली शिरला. जळक्या तारेचं एक टोक आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये मीटर धरला. मीटर वाजला, सलग. "दिसलं का? सायलेन्सर बदलला तवा तारेची क्लिप लावली नाही कोनं. तार पाइपाले टेकून टेकून सोलली. खड्डा आला का शॉर्ट. फ्यूज बिचारा ओरडून सांगत होता." बाहेर येऊन त्यानं फ्यूजच्या डब्यातली वळलेली तार दोन बोटांत धरली. काळी पडली होती. "आन् हे डायरेक्ट कोनं करायले लावलं?"

मोठी आई त्याच्या दारात खुर्चीवर बसली होती.

मी म्हणालो, "गॅरेजवाल्यानं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं म्हणाली, "चाल, घरी जाऊ." वाटेत तिनं माझा हात धरला नाही. भिंत धरत आली.

तर अन्याय करणारे दोन. एकानं न मोजता वस्तू बदलली आणि देवाला बत्तीवर बसवलं. दुसरा मी. पहिल्याविरुद्ध मी पत्रक छापणार होतो, मजकूर तयार होता. छापलं नाही. त्याऐवजी हे लिहिलं, आणि आधी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लोकायले सांग. मले सांगून काय होते?"

म्हणून तुम्हाला सांगतो. हे खाली ठेवा आणि आपल्या गाडीकडे जा. बत्तीवर काही चिकटवलं असेल तर नखानं खरवडून काढा. फ्यूजचा डबा उघडा. फ्यूजच्या जागी तार दिसली तर उपटून फेका, आणि गाडीखालची तार कोणी मीटरनं मोजून देईपर्यंत त्या गाडीत कोणालाही बसवू नका. आणि ती तार कोणी घालायला लावली असं घरातल्या माणसानं विचारलं, तर खरं नाव सांगा.