पाच फरशांचं अंतर

लग्नांत बायकांच्या बाजूचे फोटो काढणं हे माझं काम. स्टुडिओ अमरावतीत होता, पण बोलावणी चांदूर रेल्वेपासून अकोल्यापर्यंतची असत. आतल्या खोलीत पुरुष फोटोग्राफर नको, अशी अनेक घरांची अट असायची. हिंदूंचीही, मुसलमानांचीही.

माझ्याकडे रेंजफाइंडर होता. रोलवाला, लहान, धातूचा कॅमेरा. त्यात लेन्समधून बघत नाहीत. वरच्या छोट्या खिडकीतून बघायचं, दोन प्रतिमा एकावर एक आणायच्या, की फोकस झाला. लग्नाच्या गडबडीत तेवढीही सवड नसे, म्हणून मी अंतर फरशीवर मोजायचे. आमच्याकडे घराघरांत शहाबादी फरशी, बहुतेक ठिकाणी दोन फुटांची. पाच फरशा म्हणजे दहा फूट. लेन्सच्या कड्यावर दहा लावा आणि बटण दाबा. माझी लेन्स पस्तीस मिलिमीटरची; हा आकडा जितका लहान, तितकं रुंद दिसतं. तिची आणखी एक सोय होती. मी जितक्या फरशा मागे, जवळपास तितक्याच फरशा रुंदीत मावत. खोलीत पाय टाकला की कुठे उभं राहायचं ते मला कळायचं.

मग लोक सीडी मागू लागले. रोल धुणाऱ्या लॅब एकेक करून बंद होत होत्या. डिजिटल घेणं भाग होतं. माझ्या जुन्या लेन्सा त्यावर बसणार नव्हत्या, म्हणजे लेन्सही नवी. अकोल्याच्या जुन्या शहरात एक म्हातारे चाचा कॅमेरे दुरुस्त करायचे. रेंजफाइंडर त्यांच्याकडूनच घेतला होता. त्यांना सांगितलं, सोबत येणारी झूम नको, फक्त पन्नासची घेते. स्वस्त आहे, कमी उजेडात चालते. रोलवर पन्नासला सात फरशा लागत. दोन फरशा जास्त मागे सरकू, एवढा साधा माझा विचार.

चाचा म्हणाले, "पन्नास तो पन्नास ही रहता बाई, लेकिन ये डब्बा किनारे खाता. अंदर का परदा छोटा है."

"चाचा, वीस वर्षं फोटोच काढून राहिली ना मी."

"तो और बीस साल निकालो, किसने रोका? बस, पीछे दीवार देख लेना."

भिंत पहिल्याच लग्नात लागली, तीही त्यांच्याच गल्लीत. कापसाची वाईट वर्षं होती. मांडवातली लग्नं घरात आली होती आणि घरं लहान होती. डिजिटलच्या आतला पडदा रोलच्या चौकटीहून लहान, म्हणून पाच फरशांवर उभी राहिले तर अडीचच फरशा दिसत होत्या. नवरी आणि दोन बहिणी, बाकी सगळं कापलेलं. मी मागे सरकत सरकत भिंतीला टेकले. कोणीतरी म्हणालं, "बाजी, दीवार तोड दें क्या?" सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि दुसऱ्याच दिवशी झूम घेतली.

झूम अठरापर्यंत रुंद होत होती. चार फरशांवरून खोलीतली झाडून सारी माणसं आत. पुढचे कित्येक महिने मी ती अठरावरून हलवली नाही. चाचांना सांगितलंही, की भिंतीचा प्रश्न मिटला.

त्यातलंच एक लग्न चांदूर रेल्वेजवळच्या एका माळ्याच्या घरचं. भाजीपाला पिकवून विकणारी माणसं. धाकट्या मुलीचं लग्न होतं. नवरीची आई विधवा. सगळ्या बायकांचा फोटो घ्यायची वेळ आली तेव्हा ती आपणहून पार कडेला, दाराच्या चौकटीपाशी जाऊन उभी राहिली. कोणी तिला सांगितलं नाही, कोणी थांबवलंही नाही. मीही नाही. मला फक्त ती फोटोत मावते की नाही तेवढं बघायचं होतं. मावली.

पाच-सहा महिन्यांनी थोरली मुलगी स्टुडिओत आली. आई गेली होती. तेरवीसाठी फोटो हवा होता आणि आईचा तेवढाच एक फोटो होता, माझ्याकडचा. मी कॉम्प्युटरवर तो चेहरा मोठा केला. अठराच्या लेन्सने कडेचं सगळं बाहेर ओढलं होतं. गाल रुंद, कपाळ तिरपं, एक डोळा दुसऱ्याहून मोठा.

मुलगी स्क्रीनजवळ वाकली. मग म्हणाली, "हे माही माय नोय."

"तीच आहे. लेन्समुळे असं झालं. ती कडेला होती ना."

"मंग? ते कडेलेच राहे. तिले मधात कोण घेते?"

मी दोन्ही बाजूंनी चेहरा दाबून अरुंद केला. गाल जमले तर हनुवटी लांबली. हनुवटी जमली तर डोळे बिघडले. तासभर खटपट केली. शेवटी एक त्यातल्या त्यात बरा निघाला. तिने तो घेतला आणि म्हणाली, "चालते."

रागावली असती तर मी चार गोष्टी समजावून सांगितल्या असत्या. "चालते" म्हटल्यावर सांगण्यासारखं काही उरलं नाही.

त्या संध्याकाळी मी स्टुडिओच्या फरशीवर स्टुलं मांडली आणि झूम एकेक आकडा फिरवून बघितली. चोवीसवर आणली तेव्हा पाच फरशांवरून पाच फरशा मावल्या. कडेचं स्टूलही स्टुलासारखंच दिसत होतं. नवी लेन्स घ्यायची गरजच नव्हती. कड्यावर चोवीसपाशी चिकटपट्टी लावली, म्हणजे ते फिरणार नाही. जागा कमी पडली तर बायकांच्या दोन रांगा करायच्या, पण पट्टी काढायची नाही.

एवढ्याने काम झालं असतं. पण त्या वर्षांत फोटोच्या कडेला जाणाऱ्या बायका वाढल्या होत्या आणि त्या म्हाताऱ्या नव्हत्या. तिशीतल्या, पंचविशीतल्या, कापसाच्या कर्जापायी नवऱ्याने जीव दिलेल्या. फोटो म्हटलं की न सांगता बाजूला व्हायच्या.

चांदूरच्याच एका लग्नात नवरीची मोठी बहीण अशीच दारापाशी गेली. मी म्हटलं, "तिथं नको, मधे ये. कडेला चेहरा बिघडतो."

नवरीची आत्या लगेच म्हणाली, "ते मधात कायले? तिथं नवरीची मामी राहू दे."

"मशीनचं तसं आहे आत्याबाई. कडेचा चेहरा वाकडा येते."

"मंग मामीचा वाकडा आला तं?"

"मामीचे आणखी धा फोटो निघतीन."

"मशीनले का समजते कोन कोन हाय ते?"

"नाही समजत, म्हणून मीच सांगून राहिली."

बहीण अजून चौकटीपाशीच होती, आत्याकडे बघत. आत्याने तोंड वाकडं केलं, पण मामीला हाताला धरून बाजूला सरकवलं. बहीण नवरीजवळ येऊन उभी राहिली. चोवीसवर कडेचा चेहरा चांगलाच येतो, हे मी कोणाला सांगितलं नाही. पाच फरशा मोजल्या आणि फोटो काढला.