देवीच्या फोटोखालची चिठ्ठी

तुळजापुरात देवीला नेसवायच्या साड्यांच्या दुकानात मी बावीस वर्षं उभी राहिले. गादीवर बसायचे ते एकटे मालक. आम्ही जरा टेकलो की म्हणायचे, "गिऱ्हाईक देवीच्या दारी आलेलं हाय, त्याच्यापुढं बसता व्हय?"

माझ्या पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी आल्या. घरचे म्हणाले, तेल चोळ. मीही गाढवासारखी चोळत राहिले. शेवटी घोट्याजवळ जखम झाली, तेव्हा सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, "शिरांमधल्या झडपा निकामी झाल्यात, रक्त वर न चढता खालीच साचतं. घट्ट मोजे घाला, अधूनमधून पाय वर घेऊन बसा." बाईंना बसू द्यावं, अशी चिठ्ठीही त्यांनी मालकांसाठी लिहून दिली.

मालकांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून देवीच्या फोटोखाली ठेवली आणि हात जोडले. "आई बघंल." जणू खुर्ची द्यायची ती आईनंच!

जखम चिघळली आणि मी काम सोडलं. त्या दिवशी मालकांनी स्वतः खुर्ची आणली, मला दुकानाच्या मधोमध बसवलं. शाल पांघरतानाचा फोटो काढायचा होता.