लातूरच्या फायनलमधला नमस्कार

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण मी जे केलं ते भर मैदानात केलं, हातात बॉल असताना केलं, आणि माझ्या बाबांसमोर केलं.

मी मुळात दचकणारी. कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या हातातलं ताट खाली. अशी पोरगी अमेरिकन फुटबॉल कशी काय खेळायला लागली? तर नांदेडच्या आमच्या कॉलेजात मुलींचा संघ निघाला आणि अकरावी मुलगी काही मिळेना. त्याच दिवशी ग्राउंडच्या कडेनं जाताना कुणाची तरी बुलेट फटकन वाजली. मी जी सुटले ती थेट गेटपाशी थांबले. खेळाचे सर बघून राहिले होते.

"हिला घ्या."

"सर, ही लई भित्री हाय," शबाना म्हणाली. ती कॅप्टन.

"म्हणून तर पळती. मागं चौघी लागल्यावर अजून पळंल."

खेळ सांगायला सोपा. लांबोडका बॉल काखेत धरायचा आणि समोरच्या रेषेपार पळायचं, की सहा गुण. मधल्या अकरा जणी तुम्हाला पाडतात, म्हणून खांद्यावर गाद्या आणि डोक्याला जाळीचं हेल्मेट. फायनलला मुदखेडहून आलेल्या बाबांनी मलाच विचारलं, "बाळा, आमची प्रज्ञा कुठं हाय?"

फायनल लातूरला, लातूरच्याच मुलींशी. जिंकलो तर राज्यस्पर्धा. हरलो तर शबानाचा खेळ तिथंच संपणार, तिचं शेवटचं वर्ष. एसटीत तिनं आपल्या डब्यातली अर्धी पोळी माझ्या हातात कोंबली.

"तू फक्त पळ. बाकी मी हाय ना."

शेवटचा डाव आला. आम्ही चार गुणांनी मागं. बॉल माझ्याकडं आला, मागून कुणीतरी किंचाळलं, मी दचकले आणि पळाले. रेषा दहा पावलांवर. तेवढ्यात लातूरच्या एका धिप्पाड मुलीनं माझ्या पायाशी सूर मारला, तिला अडवायला शबानानं तिच्यावर सूर मारला, आणि त्या गुंत्यात माझा पाय कुणाला तरी लागला. चांगला सणसणीत.

आता मला सांगा, माणसाला पाय लागला की तुम्ही काय करता?

मी थांबले. बॉल खाली ठेवला, घरंगळू नये म्हणून नीट टेकवून. मग वाकून त्या लातूरच्या मुलीच्या खांद्याला हात लावला आणि तो छातीला लावला.

"असू दे, असू दे," ती पडल्या पडल्या म्हणाली.

आणि तिच्या बाकीच्या दहा जणी? त्याही थांबल्या की. समोर कुणी नमस्कार करत असताना तिला पाडायचं कसं?

"अगं बॉल, बॉल!" कडेला सर कपाळ बडवून घेत होते.

शबाना उठली. लंगडत आली, माझ्या पायाशी ठेवलेला बॉल उचलला आणि लंगडत लंगडतच रेषेपार गेली.

पंचांनी बराच वेळ पुस्तक चाळलं. नमस्कार झाल्यावर खेळ थांबतो, असं त्यात कुठंच नव्हतं. आम्ही जिंकलो.

करंडक पहिला माझ्या हातात दिला, तोही शबानानंच. मी तो घेऊन लातूरच्या त्या मुलीकडं गेले. म्हटलं, "ताई, लई जोरात लागला का हो पाय?"

"मला कुठं लागला? तुम्ही पाया पडल्या म्हणून मी आपलं असू दे म्हणलं."

"मग लागला कुणाला?"

मागून शबाना म्हणाली, "हितं बघ." तिची नडगी टमाट्यासारखी सुजली होती. "लाथ मला आन् नमस्कार तिला. वा गं वा."

म्हणजे ती तशा पायानं पळाली होती, माझी चूक निस्तरायला. माझे डोळेच भरून आले. मी तिथल्या तिथं तिच्यापुढं वाकले.

वाकायच्या आधी, अर्थातच, हातातला करंडक नीट खाली ठेवला. मान वर केली तेव्हा तो काखेत धरून लातूरची ती मुलगी रेषेकडं पळत होती.