परीक्षकांचा माइक

धारगळच्या गौरवीने टीव्ही चॅनेलात अप्रेंटिसशिप असलेला पदवीचा अभ्यासक्रम धरला, तेव्हा गावाचा समज असा झाला की आता ही रोज रात्री बातम्या सांगणार. आठवडाभर लोकांनी चॅनेल लावून पाहिलं. पडद्यावर ती दिसेना. मग गावाने ठरवलं, ही टीव्ही दुरुस्त करायला शिकते आहे. आणि तेव्हापासून रविवारी सकाळी कोणी ना कोणी सेट-टॉप बॉक्स काखेत मारून तिच्या दारात उभं असे.

आठवड्याचे तीन दिवस ती कॉलेजात प्रक्षेपणाचं शास्त्र शिके आणि तीन दिवस चॅनेलात केबल गुंडाळे. तिथले तिचे गुरू म्हणजे परेश सर. मोठे अनुभवी इंजिनियर. बाहेरच्या कार्यक्रमाला जाणारी ओबी व्हॅन, म्हणजे चाकांवरचा कंट्रोल रूम, त्यांच्या ताब्यात होती. त्यांच्या शिकवणीचा पहिला धडा होता, "हात लावू नको." दुसरा धडा अजून तयार व्हायचा होता.

चतुर्थीनंतर डिचोलीला घुमट आरतीची, म्हणजे घुमट या मातीच्या चामडी वाद्याच्या तालावर म्हणायच्या आरत्यांची, स्पर्धा लागली आणि चॅनेलाने तिचं थेट प्रक्षेपण घेतलं. धारगळचं पथक शेवटी होतं. त्याचा म्होरक्या गौरवीचा सख्खा मामा, धाकू. घुमटावर मामाची थाप पडली की शेजारच्या गावातल्या म्हशी दूध चोरतात, असं मामी म्हणायची. मामाला ते कौतुक वाटायचं.

शेवटच्या पथकाची मांडामांड चालू असताना परेश सरांना मंडपामागून मटणाचा वास आला. प्रायोजकांचं जेवण होतं.

"मी आलोच," ते म्हणाले. "सगळं सेट आहे. कशालाही हात लावू नको."

गौरवी मिक्सरपुढे बसली. कानाला हेडफोन. समोर सरकत्या पट्ट्यांची रांग. पट्टी वर केली की त्या माइकचा आवाज घराघरांत जातो. परीक्षकांच्या माइकची पट्टी वरच होती. मंडपातल्या साउंडवाल्याने आपल्या बाजूने तो माइक बंद केला होता, त्यामुळे कर्ण्यातून काही ऐकू येत नव्हतं आणि परीक्षक निश्चिंत होते. व्हॅनला मात्र त्या माइकची वेगळी लाइन होती.

तिचं बोट पट्टीकडे गेलं. तेवढ्यात कानात आवाज आला.

"पहिला नंबर अध्यक्षांच्या भाच्याच्या पथकाला, ते ठरलंच आहे. दुसरा-तिसरा तुम्ही पाहा."

"आणि धारगळवाले? अजून वाजवलं नाही त्यांनी."

"उत्तेजनार्थ टाका. आटपा आता, तिकडे जेवण थंड होतंय."

गौरवीने बोट मागे घेतलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. गुरूची आज्ञा मोडणं तिच्या संस्कारांत बसत नव्हतं.

परीक्षक बिचारे मोकळेपणाने बोलत राहिले. कुठल्या पथकाने कोणाला काय पोचवलं, तेही निघालं. मग मंडपात एक फोन वाजला, पाठोपाठ दहा वाजले. धाकू मामाचाही वाजला. त्याने ऐकलं, घुमट गळ्यातून काढलं आणि स्टेजवरचा माइक धरला.

"आमका उत्तेजन नको. आमका आधी वाजवूक तरी द्या!"

मंडप उठला. खुर्च्या पडल्या. स्पर्धेच्या अध्यक्षांनी दोन्ही हात वर करून जाहीर केलं की हा केवळ तांत्रिक बिघाड आहे. खरं तर त्या संध्याकाळी सगळी यंत्रं कधी नव्हे ती चोख चालली होती.

परेश सर खरकट्या हाताने धावत आले. पट्टी खाली ओढून त्यांनी विचारलं, "तुला ऐकू येत नव्हतं?"

"येत होतं, सर. हेडफोन होता ना कानाला."

"मग बंद का नाही केलंस?"

"तुम्ही म्हणाला होतात, हात लावू नको."

जागा सोडून सर कुठे गेले होते, हे त्यांची खरकटी बोटंच सांगत होती.

दुसऱ्या दिवशी चॅनेलप्रमुख तेजस्विनी मॅडमनी दोघांना बेजबाबदारपणावर सविस्तर झापलं. मग तोच बेजबाबदारपणा 'ब्रेकिंग न्यूज' म्हणून तांबड्या अक्षरांत आठवडाभर दाखवला. परेश सरांना समज मिळाली, आणि त्या दिवसापासून ते गौरवीला पट्टी न् पट्टी समजावू लागले. ज्ञानदानाची ही ओढ त्यांना इतक्या उशिरा का लागली, हे तिने विचारलं नाही.

निकाल रद्द झाला. साखळी गावाहून नवे परीक्षक आले आणि स्पर्धा पुन्हा झाली. या खेपेला आवाजावर गौरवी बसली. धारगळचं पथक स्टेजवर येताच लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. अन्यायाशी लढलेला माणूस म्हणून धाकू मामाची छाती फुगली, आणि छातीबरोबर लयही चढली. झांजेसारखी कासाळें वाजवणारा कासाळेंवाला मागे राहिला, गाणारे धापा टाकू लागले. नव्या परीक्षकांनी अत्यंत निःपक्षपातीपणे त्यांना शेवटून दुसरं ठेवलं. उत्तेजनार्थही हुकलं.

सकाळी मामा बहिणीकडे चहाला आला. पोई पावाचा तुकडा चहात बुडवत म्हणाला, "परीक्षक बरे होते गो. पण तुमच्या चॅनेलान आमचो आवाज मारलो. आवाजाक कोण बसलेलो?"

"मी," गौरवी म्हणाली.

पोई चहातच मोडून पडली. मामाने ती चमच्याने काढली.

"मग त्या कासाळेंवाल्यानंच ताल सोडलो आसतलो."

गौरवीने मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून त्याच्यापुढे धरलं. मामाने पाहिलं. घुमट पुढे पळत होतं, बाकीचे मागून धावत होते. अर्ध्यावर त्याने मोबाइल मेजावर पालथा ठेवला.

"बॅटरी उतरली वाटता," मामा म्हणाला, आणि बहिणीकडे आणखी चहा मागितला.