बापा, तूच हिला सांग

आमच्या घरातल्या दोन जावांनी एकमेकींशी बोलणं टाकलं, ते देवाच्या उपासनेवरून.

महिला रविवार जवळ आला होता. त्या दिवशी चर्चची सगळी उपासना बायकाच चालवतात. त्यातल्या गाण्याचं पहिलं कडवं वर्षानुवर्षं माझ्या थोरल्या चुलत सासूबाई म्हणायच्या. त्यांना आम्ही सगळे मोठ्या आई म्हणतो. अलीकडं मात्र त्यांचा आवाज दुसऱ्याच ओळीत चिरकायला लागला होता. हे तोंडावर सांगायची हिंमत कोणातच नव्हती. म्हणून मंडळाच्या बायकांनी "या वर्षी धाकट्यांना संधी देऊ" असं म्हणून ते कडवं माझ्या सासूबाईंना देऊन टाकलं. धाकटी म्हणजे कोण, तर गुडघ्याला पट्टा बांधून जिना चढणारी बाई.

मोठ्या आईंनी पदर सारखा केला. "द्या की," त्या म्हणाल्या, "देवाला काय, कसलाबी आवाज चालतो."

सासूबाईंना ते झोंबलं. तिथून बोलणं बंद.

औरंगपुऱ्यामागच्या गल्लीत दोघींची दारं समोरासमोर. उठता-बसता तोंड दिसायचं, पण शब्द नाही. मात्र शुक्रवारची घरगुती प्रार्थना दोघींपैकी एकीनंही चुकवली नाही. तिथं सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची, अशी पद्धत.

पहिल्याच शुक्रवारी मोठ्या आईंनी डोक्यावर पदर घेतला आणि सुरुवात केली. "हे प्रेमळ बापा, ज्या घरात दुसऱ्याची मोठी परात नाताळापासून पडून आहे, त्या घराचं मन तू मऊ कर."

मी हळूच एक डोळा उघडला. सासूबाईंचे डोळे मिटलेलेच होते, पण नाकपुड्या फुलल्या होत्या. त्यांची पाळी आली. "हे प्रभू, ज्यांना परात दिसते, पण तिच्यातल्या करंज्या कोणी लाटल्या ते दिसत नाय, त्यांना तू दृष्टी दे."

"आमेन," सगळी खोली अगदी मनापासून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचेनं घासून लख्ख केलेली परात मोठ्या आईंच्या ओट्यावर हजर. प्रार्थना ऐकली गेली होती.

मग ती रीतच पडली. एकीला दुसरीला जे सांगायचं असेल ते शुक्रवारी देवाला सांगायचं. "बापा, तुझी दासी उद्या चितेगावला भाचीकडं जाणार. मागं नळाला पाणी आलं, तर तिची टाकी कोण भरणार, ते तुलाच ठाऊक." देवाला ठाऊक होतंच, सासूबाईंनाही झालं. टाकी काठोकाठ भरली गेली.

प्रार्थनेला गर्दी वाढू लागली. पूर्वी ज्यांना बोलावून आणावं लागायचं, त्या बायका वेळेआधी येऊन पुढची जागा धरायला लागल्या. आमच्या चर्चचे पाळकसाहेब तरुण, नव्यानंच बदलून आलेले. त्यांनी रविवारी उपदेश करताना पुलपिटवरून सांगितलं, "मंडळीत मोठी जागृती आली आहे. उपासना म्हणजे देवापुढं मन उघडं करणं, हे आपल्या भगिनींकडून शिका." दोन्ही भगिनींनी गंभीरपणे माना डोलावल्या. मी गीतपुस्तकात तोंड लपवलं.

मलाही मोह आवरला नाही. माझा नवरा वाळूजला कामाला. सुट्टीच्या दिवशी तो सोफ्यावर मोबाइल घेऊन पसरायचा. एका शुक्रवारी त्याच्याच शेजारी बसून मी प्रार्थना केली, "हे बापा, वाळूजहून थकून येणाऱ्या तुझ्या लेकरांना बळ दे, म्हणजे रविवारी त्यांना निदान कांदा तरी चिरता येईल." बायकांचं आमेन गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असेल.

रविवारी तो डोळे पुसत कांदा चिरत होता. "मला सरळ सांगायचं ना," तो पुटपुटला.

"लई वेळा सांगितलं. तुमच्यापर्यंत वरूनच यावं लागतं."

महिला रविवारी सासूबाई फार गोड गायल्या. मोठ्या आई मागच्या बाकावर पुस्तक मिटून बसून राहिल्या. त्यानंतर काही दिवसांतच त्यांच्या पोटात असह्य दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लांबवू नका.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांचा मुलगा पुण्याहून अजून पोचायचा होता. दवाखान्यात मी एकटीच होते. इतक्यात सासूबाई रिक्षातून उतरल्या. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं. खाटेवर मोठ्या आई हिरव्या गाऊनमध्ये पडल्या होत्या. पदर नाही, दात नाहीत. एवढ्याशा दिसत होत्या. छताकडं बघत त्या म्हणाल्या, "प्रार्थना करा कोणीतरी."

सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला. आता काय काय निघतंय म्हणून मी श्वास रोखून उभी राहिले.

"बापा..." त्या थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, "बापा, माझ्या आक्काला परत पाठव. तिच्याशी अर्धं भांडण राह्यलंय."

"आमेन," मोठ्या आई म्हणाल्या. "आन् बापा, तूच हिला सांग..." मग त्यांनी डोळे उघडले. "अगं, तू तर इथंच हायेस. माझे दात त्या डबीत हायेत. कोणाच्या हाती देऊ नको. तूच सांभाळ."

"व्हय."

"आन् त्या दिवशी वरचा सूर लई छान लावलास. मी पुस्तक मिटलं ते रागानं नाय. चष्म्यावर पाणी आलं होतं."

"आक्का, ऑपरेशनला जाताना तरी खोटं बोलू नका."

मोठ्या आईंनी पुन्हा छताकडं पाहिलं. "बरं, रागच होता. पण सूर छान होता."

मग त्यांना आत नेलं. सासूबाई बाहेरच्या बाकावर डबी मांडीवर धरून बसल्या, ओठ हलत होते. चर्चमध्ये मी कितीतरी लांबलचक, सुंदर प्रार्थना ऐकल्यात. पण उपासना म्हणजे काय असं कोणी विचारलं, तर मला अजून तो बाकच आठवतो.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले, तर मोठ्या आई मटणाचा नान खलिया मागत होत्या आणि सासूबाई त्यांच्या तोंडात पेजेचा चमचा कोंबत होत्या. त्या सगळ्या वेळात दोघींची बडबड चालूच. शेवटी नर्स आली. "आजी, हळू. बाकीचे पेशंट झोपलेत."

"काय करावं बाई," मोठ्या आई म्हणाल्या, "लई दिवसांचं साचलंय."

नर्सनं खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला. आत कुजबुज सुरू झाली. मी कान दिला. तेवढ्यात कळलं, आता विषय माझा चालला होता.