अंग न झाडणारा बोकड

समस्त बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येतं की, आज मी भर मंडळीत एका बोकडाविषयी साक्ष देणार आहे. कुणी हसू नये. मीही हसणार नाही, निदान सुरुवातीला तरी.

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. गावागावांत ताण, एसटी येईल तेव्हा येईल. आमचं गाव पिंगळी स्टेशनपासून आडबाजूला, आणि आमची वस्ती गावकुसाबाहेरची. यजमान नांदेडला कामाला. घरी मी, सासूबाई आणि आमचा लहानगा लेक. सासूबाईंचा बाप्तिस्मा झाला होता, पण त्यांचा बंदोबस्त दुहेरी असे : रविवारी येशू, मंगळवारी मरीआई. मी टोकलं की म्हणत, "दोघं बी आपलेच हाईत, तू कशाला मधी पडतीस?"

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आधी मी प्रार्थनामंदिरात मुलांना वल्हांडणाची गोष्ट सांगितली. हातवारे करून, आवाज चढवून, अगदी नाटकात शोभेल अशी. इस्राएल लोक मिसर देशात गुलाम होते. देवानं सांगितलं, कोकरू कापा, त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावा, म्हणजे मृत्यू ते घर ओलांडून पुढं जाईल. मागं बसलेल्या सासूबाई डोळे विस्फारून ऐकत होत्या. मला वाटलं, केवढी ही भक्ती!

त्याच आठवड्यात लेक तापानं फणफणला आणि त्याला धाप लागली. दवाखाना परभणीला. मी त्याला उचलणार तोच सासूबाई दारात आडव्या. "बोकड दिल्याबिगर लेकरू शिवंबाहेर जायचं न्हाई. रगत चौकटीला लावायचं. तूच सांगितलंस की!"

मी म्हणाले, "आत्याबाई, ते कोकरू म्हणजे येशू. तो एकदाच दिला गेला, सगळ्यांसाठी."

"आसंल. पर आपल्या चौकटीला कुठं लागलंय?"

मी पुन्हा पहिल्यापासून समजावू लागले, पण त्या दारातून हलल्या नाहीत.

राणीसावरगावकडचा एक धनगर शेळ्या-मेंढ्या घेऊन शिवारात उतरला होता. सासूबाईंनी निरोप धाडला. तो बोकडाची दोरी धरून स्वतःच आला. आमच्याकडची रीत अशी की, बोकडावर पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झाडलं तर देवानं मान्य केलं. तोवर सुरी लावायची नाही. सासूबाईंनी पाणी टाकलं. बोकड उभा. पुन्हा टाकलं. ढिम्म! अख्खा तांब्या रिकामा झाला, तरी बोकड आमच्याकडं पाहुण्यासारखा बघत राहिला. आत लेकराचा श्वास घरघरत होता. उभ्या जन्मात माझं तोंड कधी बंद पडलं नव्हतं, ते तेव्हा पडलं. मनात एवढंच उमटलं, 'प्रभू, माझं बोलणं संपलं. आता तूच बघ.'

तेवढ्यात धनगर आत डोकावला आणि झटकन बाहेर आला. "माय, लेकरू हातचं जायलाय! ह्या बोकडाचं मन न्हाई. बोकड मी वापस न्हेतो. चला!"

त्यानं दोरी सासूबाईंच्या हातात कोंबली, लेकराला घोंगडीत गुंडाळलं आणि छातीशी धरलं. त्या दिवसांत, आमच्या वस्तीतलं लेकरू! पुढं तो, मागं मी, माझ्यामागं ओलाचिंब बोकड आणि त्याला ओढत सासूबाई, अशी आमची मिरवणूक उन्हातून पिंगळी स्टेशनवर पोहोचली. गाडी आली. त्यानं लेकरू माझ्या हातात दिलं, दोरी परत घेतली आणि निघून गेला. नाव विचारायचं मला सुचलंच नाही.

डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया, वेळेवर आणलंत. हळूहळू श्वास जाग्यावर आला. बोकडानं अंग का झाडलं नाही, मला ठाऊक नाही. धनगरानं त्याची मान दाबून धरली होती का, तेही मी आठवून बघत नाही. मी मुलांना तारणाची गोष्ट किती रंगवून सांगितली होती! पण ते तारण माझ्या दारात आलं ते मी गप्प झाल्यावर, एका अनोळखी माणसाच्या घोंगडीतून. तेव्हापासून प्रार्थनेत मी कमी बोलते. बाकी ठिकाणची भरपाई करतेच.

लेक बरा झाल्यावरच्या रविवारी प्रभुभोजन होतं. पाळकांनी प्याला उचलला आणि प्रभूनं स्वतःला कसं अर्पण केलं ते सांगू लागले. मंदिर अगदी शांत. नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या सासूबाई एकाएकी ताठ झाल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आगं बया! त्याच्यावर कुणी पाणी बी टाकलं न्हाई, आन् आपल्या मनानंच हो म्हणला की गं त्यो!"