हर्षालीच्या टायरमधली हवा

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, जलाशयाच्या काठावर हर्षालीची वस्ती आहे. घोडेगावला जाणाऱ्या एसटीचा भरवसा नाही, म्हणून तिथल्या औषधाच्या दुकानात कामाला ती सायकलने जाते. सायकल ग्रॅव्हल बाइक म्हणतात त्या जातीची आहे: वळलेलं हँडल आणि मुरुमावर चालणारे रुंद टायर. पुण्याच्या एका स्वाराने नवी घेतली, तेव्हा ही जुनी तिच्याकडे आली.

तिचे वडील सावळेराम यांनी निम्मं आयुष्य सायकलवरून मासळीची क्रेटं वाहिली. ओझ्याखाली टायर बसला की ट्यूब फाटते. म्हणून टायर दगडासारखा हवा, हा त्यांचा नियम. अंगठा किंचित जरी आत गेला तरी त्यांना चैन पडत नाही. लेकीच्या सायकलमध्ये रोज पहाटे तेच पंपाने हवा मारतात.

ग्रॅव्हलच्या टायरचं मात्र उलटं आहे. जरा मऊ असला तर तो खडीला धरून चालतो. कडक असला तर उडतो. हर्षालीला हे पहिल्याच आठवड्यात कोपर सोलून कळलं. पण बापाने मारलेली हवा त्याच्या देखत सोडायची कशी? वस्तीचं वळण गेलं की ती उतरायची, थोडी हवा सोडायची आणि पुढे जायची. घरी कुणाला पत्ता नव्हता.

मे महिन्यात पाणी उतरतं आणि जलाशयाचा तळ उघडा पडतो. धरणाआधीचा रस्ता, शेतांचे बांध, घरांची जोती वर येतात. मधोमध गाळाचा पट्टा असतो. तो वरून भेगाळलेला, खाली ओला. त्यात गुरं रुततात, म्हणून वस्तीतलं कुणी तिकडून जात नाही. जुन्नरच्या सायकलस्वारांनी आपल्या दरवर्षीच्या शर्यतीची वाट नेमकी त्यातूनच आखली.

गेल्या वर्षी शर्यत वस्तीच्या देवळापासून सुटली. वडील शेजारी उभे होते, त्यामुळे हवा तशीच राहिली. कडक टायरने गाळाची पापडी कापली आणि पट्ट्याच्या मध्यावर हर्षाली सायकलसकट फसली. होडीचा दोर टाकून दोघींना ओढून काढावं लागलं.

"यंदा फसलीस तर सायकल इकायची," सावळेराम यांनी बजावलं. "गावात हसं नको."

या वर्षी शेजारचे गेणभाऊ दोर खांद्यावर टाकूनच देवळापाशी आले.

"हर्षे, सकाळी जास्त जेवली न्हाईस ना? गेल्या साली लई जड लागलीस."

"त्या दोरानं तुमची म्हस बांधा, भाऊ."

सावळेराम यांनी अंगठ्याने दोन्ही टायर दाबून पाहिले आणि समाधानाने मान डोलावली. हर्षाली खाली वाकली, तिने व्हॉल्व्ह दाबला. फस्स आवाज झाला.

"आगं, आत्ता मारली व्हती की मी!"

"बाबा, मला क्रेटं न्हाई न्यायची."

तिने मागच्या टायरचीही हवा सोडली. सावळेराम यांनी पुन्हा अंगठा लावला. तो आत गेला. ते पंप उचलून काठाकडे चालते झाले.

गाळापाशी पुढचे दोन स्वार फसले. एकाने पाय टेकला आणि तो पायही अडकला. गेणभाऊंनी दोर मोकळा केला. मागून हर्षाली आली. तिने ब्रेक लावला नाही, पॅडल थांबवलं नाही. टायर दबून पसरत होते आणि पापडीवरून पुढे सरकत होते. पापडी तिच्याखाली हलताना काठावरून दिसत होती. ती पलीकडच्या जुन्या रस्त्याला लागली, बांधाआड गेली, तरी माणसं त्या बाजूलाच पाहत राहिली.

सावळेराम पट्ट्यात उतरले. म्हशीच्या खुरांचे कोपरभर खड्डे होते, फसलेल्या सायकलींचे चर होते, आणि त्यांच्यामधून टायरच्या नक्षीची एक रेघ सरळ पलीकडे गेली होती. त्यांनी रेघेत बोट घातलं. नखही बुडलं नाही.

"सावळेराम, पाय बघ!" काठावरून गेणभाऊ ओरडले.

उभ्या जागी ते घोट्यांपर्यंत गाळात गेले होते.

"टाक दोर," ते म्हणाले, आणि पलीकडे बघत राहिले. "मला बघून ती आता मागं फिराय नको. आल्यावर पंप तिच्याकडं देतो."